मुलांना हँडबॉल क्लबात घाला, आणि स्वतःही सभासद व्हा : बार्सिलोना परिसरातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

बार्सिलोना आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या सर्व मराठी कुटुंबांना,

सप्रेम नमस्कार.

इथल्या क्रीडाक्लबांची पुढच्या हंगामाची नावनोंदणी साधारण उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच सुरू होते. आपण बरेच जण जुलै-ऑगस्टमध्ये भारतात असतो. सप्टेंबरात परत यायचं, बॅगा उघडायच्या, शाळेची पुस्तकं आणायची आणि मग मुलांना कुठल्या खेळाला घालावं याची चौकशी सुरू करायची, असं आपलं चालतं. तोवर पुष्कळ गट भरलेले असतात. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

माझं मागणं सरळ आहे. तुमची मुलं, आणि मुली तर नक्कीच, गावच्या हँडबॉल क्लबात घाला आणि तुम्ही स्वतः त्या क्लबाचे सभासद व्हा. मी ग्रानोयेर्सला राहते, माझी मुलगी इथल्या क्लबात खेळते, त्यामुळे जे काही सांगणार आहे ते बालोनमानो ग्रानोयेर्स या क्लबाबद्दल. तुम्ही सबादेलला, बादालोनाला किंवा बार्सिलोनातच राहत असाल तर तुमच्या जवळचा क्लब दुसरा असेल. तिथे जा. पण त्याआधी एकदा इकडे येऊन बघा, कारण हँडबॉल एखाद्या गावाच्या अंगात किती भिनलेला असू शकतो ते इथे दिसतं.

ग्रानोयेर्स आपल्याला माहीत असतं ते पाहुण्यांमुळे. भारतातून कुणी आलं की ला रोका व्हिलेजला खरेदीला न्यावं लागतं आणि त्यासाठी आर-२ लोकलने इथे उतरून बस पकडावी लागते. मोंमेलोचा फॉर्म्युला वनचा ट्रॅकही शेजारीच आहे. स्टेशनवरून आपण तसेच पुढे जातो. गावात पाय ठेवला तर मध्यावर सोळाव्या शतकातली पोर्शादा दिसते, म्हणजे दगडी खांबांवर उभारलेलं बाजाराचं छप्पर. दर गुरुवारी आजही तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत बाजार भरतो. ३१ मे १९३८ ला, यादवी युद्ध चालू असताना, इटालियन विमानांनी या गावाच्या मध्यावर बॉम्ब टाकले. २०० हून अधिक माणसं गेली. युद्ध संपल्यानंतरची वर्षं उपासमारीची होती. त्याच दिवसांत, १९४४ मध्ये, गावातल्या लोकांनी हा क्लब काढला. तेव्हा हँडबॉल फुटबॉलच्या मैदानावर, अकरा-अकरा जणांचा खेळला जायचा. सात जणांचा, छपराखालचा खेळ नंतर आला आणि त्यातही हे गाव पुढेच राहिलं.

साठेक हजार वस्तीचं हे गाव. १९७६ मध्ये युरोपातली कप विनर्स कप ही स्पर्धा पहिल्यांदा भरली आणि ती ग्रानोयेर्सने जिंकली. स्पेनच्या कुठल्याही हँडबॉल क्लबाला तोवर युरोपचा करंडक मिळाला नव्हता. बार्सिलोनालाही नाही, माद्रिदलाही नाही. पुढे १९९५ आणि १९९६, अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपातला ईएचएफ कपही इथेच आला. १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये हँडबॉलचे प्राथमिक फेरीचे सामने इथल्या पालाउमध्ये झाले. पालाउ म्हणजे गावचं क्रीडासंकुल, ते त्यासाठीच बांधलं होतं. २०१३ च्या पुरुषांच्या विश्वचषकाचा एक गट इथे खेळला. आणि १९ डिसेंबर २०२१ ला महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच पालाउमध्ये झाला, नॉर्वेने फ्रान्सला २९-२२ ने हरवलं. विश्वचषकाचा अंतिम सामना राजधानीत नाही, बार्सिलोनात नाही, ग्रानोयेर्सला! ज्या पालाउमध्ये तो झाला, तिथेच या गावच्या शाळकरी मुलीही खेळतात.

आपल्याकडे हँडबॉल म्हटलं की पुष्कळांना आठवतात ते दहावीचे क्रीडागुण. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्याला निवड झाली की वाढीव गुण मिळायचे. त्यासाठी मुलं खेळायची आणि दहावीनंतर तो चेंडू पुन्हा हातात यायचा नाही. शाळेचं मातीचं मैदान, फक्कीने आखलेली डी, टळटळीत ऊन. त्या मुलांच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. आमच्या शाळेतल्या मुली त्या मातीवर गुडघे फोडून घेत खेळायच्या. पण तेवढ्यावरून या खेळाचा अंदाज बांधू नका. एकदा लाकडी कोर्टावर, हातात रेझिन, म्हणजे चेंडू निसटू नये म्हणूनचा चिकट पदार्थ, लावलेल्या खेळाडूंचा सामना बघा.

बघायला गेलात तर माझी एक विनंती आहे. चेंडूच्या मागे डोळे पळवू नका. सहा मीटरच्या रेषेवर, बचाव करणाऱ्यांच्या मधोमध पाठ करून उभा असतो त्या पिव्होटकडे बघत राहा. दोन धिप्पाड माणसं त्याला दोन्ही बाजूंनी रेटत असतात. तो पाय रोवून कमरेत वाकलेला असतो आणि एक हात मागे उघडा ठेवून आपल्या माणसाला दाखवत असतो, की इथे टाक. बहुतेक वेळा चेंडू येतच नाही. तो पुन्हा जागा बदलतो, पुन्हा एकाला अंगावर अडवतो, त्याच्या अडवण्यामुळे मागून धावत येणाऱ्याला फट सापडते आणि गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. तासाभराच्या सामन्यात हे कितीतरी वेळा घडतं. प्रेक्षकांत बसलेल्या जाणत्या आज्या त्या पिव्होटसाठी टाळ्या वाजवतात, गोल करणाऱ्यासाठी नंतर. हो, आज्याच. इथे सत्तरी-पंच्याहत्तरीच्या बायका गळ्यात क्लबाचा मफलर घालून येतात आणि पंचाने दोन मिनिटांची शिक्षा चुकीची दिली तर बसल्या जागेवरून त्याला सुनावतात.

आता मुलींबद्दल. आपल्या घरांतून मी ऐकलेला पहिला आक्षेप हाच असतो, की हा धक्काबुक्कीचा खेळ आहे, मुलींना कशाला. खेळात अंगाला अंग लागतं, हे खरं आहे. बोटं मुरगळतात, घोटा मुरगळतो. पण लहान गटांत तसं खेळवत नाहीत. चेंडू लहान असतो, रेझिन नसतं, प्रशिक्षकांचा सगळा भर धावणं, झेलणं, दोन्ही हातांनी पास देणं आणि पडायचं कसं ते शिकवण्यावर असतो. समोरच्याला रोखायचं ते छातीने आणि उघड्या हातांनी. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, हवेत असलेल्याला हात लावायचा नाही. हे दहा वर्षांच्या मुलीला पक्कं माहीत असतं, आणि कुणी तिच्या अंगावर आलं तर मागे न सरता, न चिडता उभं कसं राहायचं हेही. मुलीने हे शिकावं असं ज्या आईला वाटत नाही, तिने मला जरूर फोन करावा. मला तिच्याशी बोलायचं आहे.

या क्लबाचा महिलांचा संघ स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळतो. त्यांच्या जर्सीवर केएच-७ हे नाव असतं. तेच, आपल्या ओट्याच्या वरच्या टाइल्सवरचा फोडणीचा चिकटा काढायला आपण सगळ्या जणी वापरतो ते. ती कंपनी पलीकडच्याच कानोबेयेसची. पुरुषांच्या जर्सीवर फ्रायकिन ही गाड्या भाड्याने देणारी कंपनी असते. माझ्या मुलीला संघातल्या खेळाडूंची नावं पाठ आहेत, आणि त्यातल्या काही जणी तिला रस्त्यात भेटतात, दुकानात भेटतात, हाक मारतात. टीव्हीवरचा खेळाडू आणि आपण यांत जी भिंत असते, ती इथल्या मुलांना माहीतच नाही. स्पेनच्या राष्ट्रीय संघातून पिव्होट म्हणून खेळलेली काबा गासामा याच गावात जन्मलेली, आफ्रिकी वंशाच्या घरातली. आपल्या मुली इथे उपऱ्या ठरतील अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी तिचं नाव लक्षात ठेवावं.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सभासद व्हा असं मी का म्हणते ते त्याशिवाय कळणार नाही.

युरोपच्या चॅम्पियन्स लीगचं विजेतेपद आजवर स्पेनमधल्या पाच क्लबांनी मिळवलं आहे. बार्सा, म्हणजे बार्सिलोनाचा क्लब, त्यातला एक. बाकीचे चार बघा. १९९४ मध्ये सांतान्देरचा तेका. हे नाव आपल्या भाड्याच्या घरांतल्या शेगडीवर, चिमणीवर दिसतं, तीच ती कंपनी. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकून आलेला तालांत दुयशेबायेव त्या संघातून खेळायचा. १९९५ मध्ये फ्रान्सच्या सीमेवरच्या इरूनचा बिदासोआ. त्यांच्या पाठीशी चॉकलेटची कंपनी होती. २००१ मध्ये पाम्प्लोनाचा सान अंतोनियो, ज्याच्या नावापुढे सिमेंट कंपनीचं नाव लागायचं. आणि २००६, २००८, २००९ अशी तीन वर्षं सिउदाद रेआल.

या शेवटच्या क्लबाची गोष्ट मनाला लागते. ला मान्चाच्या पठारावरचं शहर, डॉन किहोतेचा मुलूख. तिथला एक बांधकाम व्यावसायिक क्लबाचा अध्यक्ष झाला. पैसा आला. ओलाफुर स्तेफान्सन, आर्पाद श्तेरबिक, दिदिए दिनार असे जगातले अव्वल खेळाडू आले, तालांत प्रशिक्षक झाला. किहोते अरेना नावाचं नवं क्रीडासंकुल भरून वाहायचं. तीनदा युरोप जिंकला. मग २००८ नंतर स्पेनमधलं बांधकाम कोसळलं. २०११ मध्ये क्लब तिथून उचलून माद्रिदला नेला आणि त्याला अत्लेतिको माद्रिदचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात होता, कीलकडून हरला. आणि २०१३ मध्ये पैसे संपले म्हणून क्लब बंद. अंतिम सामन्यानंतर अवघ्या एका वर्षात! सिउदाद रेआलच्या लोकांनी तर त्याआधीच तो गमावला होता. वर्षानुवर्षं ज्यांनी घसा बसेपर्यंत ओरडून संघाला पाठिंबा दिला, त्यांना तो कुठे न्यायचा हे कुणी विचारलं नाही.

सांतान्देरचा क्लब त्याआधीच मिटला होता. पाम्प्लोनाचाही प्रायोजक गेल्यावर टिकला नाही. पाचांतले तीन विजेते आज अस्तित्वात नाहीत. वायादोलिदचा जुना क्लबही, २००९ चा कप विनर्स कप जिंकलेला, २०१४ मध्ये बुडाला. गावाने लगेच नवा काढला हे त्या गावाचं मोठेपण. इरूनचा बिदासोआ खालच्या श्रेणीत गेला, तिथे राहिला, गावाने त्याला सोडलं नाही, तो परत वर आला आणि २०१९ मध्ये लीगमध्ये दुसरा आला.

ग्रानोयेर्सने चॅम्पियन्स लीग कधी जिंकलेली नाही. १९९० मध्ये सुरू झालेली असोबाल, ही स्पेनची पुरुषांची सर्वोच्च लीगही नाही. २०११ पासून २०२५ पर्यंत ती दर वर्षी बार्सानेच जिंकली, आणि बार्साच्या तुलनेत ग्रानोयेर्सकडे पैसा अगदी थोडा. पण क्लब उभा आहे. माझ्या मते त्याचं कारण पालाउच्या बाजूच्या कोर्टांवर कुठल्याही संध्याकाळी दिसतं : मुलं. एका कोर्टावर आठ-नऊ वर्षांची, दुसऱ्यावर तेरा-चौदाची, तिसऱ्यावर थोराड झालेली. पैसे आटले तेव्हा या क्लबाला बाहेरून खेळाडू विकत आणता आले नाहीत तरी घरचे होते. एन्रिक मासीप इथून खेळला आणि मग बार्साच्या त्या संघात गेला, ज्याने १९९६ ते २००० अशी पाच वर्षं सलग युरोप जिंकला. फेर्रान सोले इथून तुलूझला गेला आणि २०१८ व २०२० मध्ये युरोपविजेत्या स्पेनच्या संघात होता. चांगला निघाला की मोठा क्लब नेतो. गावाला वाईट वाटतं, पण पुढचा तयार असतो.

२०२३ चा मे महिना मी विसरणार नाही. युरोपियन लीगचे शेवटचे सामने जर्मनीत फ्लेन्सबुर्गला होते. प्रशिक्षक अंतोनियो रामांच्या आपल्या संघाने उपांत्य सामन्यात जर्मनीच्याच ग्योपिंगेनला हरवलं आणि अंतिम सामन्यात बर्लिनच्या फ्युख्सेकडून ३६-३१ ने हरले. जर्मन क्लबांचा पैसा, जर्मनीतलं मैदान, आणि तरी अर्धं गाव त्या रात्री हसत बोलत होतं, कारण आपल्या गल्लीतली पोरं युरोपच्या अंतिम सामन्यात खेळली होती. योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात जयपूरला भारताची पहिली प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि ती महाराष्ट्र आयर्नमेन संघाने जिंकली. मी क्लबातल्या मंडळींना ते आवर्जून सांगितलं. त्यांना महाराष्ट्र कुठे आहे ते नकाशावर दाखवावं लागलं, पण गोलकीपर कसा होता हा प्रश्न लगेच आला.

आता क्लब आणि क्लास यांतला फरक. आपण मुलांना गाण्याला घालतो, कोडिंगला घालतो, महिन्याचे पैसे भरतो आणि शिकवणं आवडलं नाही तर सोडतो. क्लब तसा नसतो. सभासद ही त्याची मालक मंडळी असतात. प्रत्येक मुलांच्या संघामागे पालकांतलाच कुणीतरी एक जण असतो, जो सामन्याच्या दिवशी खेळाडूंची ओळखपत्रं घेऊन येतो आणि पंचांकडे कागद देतो. बाहेरगावच्या सामन्यांना बस नसते, पालकांच्या गाड्यांतून मुलं जातात, पाळीपाळीने. नाताळच्या लॉटरीची तिकिटं सभासद शेजाऱ्यांना विकतात आणि वरचा युरो-दोन युरो क्लबाला मिळतो. उन्हाळ्यात ग्रानोयेर्स कप भरतो तेव्हा देशोदेशींचे मुलामुलींचे संघ गावात येतात, शाळांच्या वर्गांत झोपतात, आणि त्यांचं करायला गावातलेच हात लागतात. हे सगळं कुणीतरी करतं म्हणून आपली मुलं खेळतात. आपण नुसती फी भरून, मुलाला दारात सोडून, तासाभराने न्यायला येणं मला बरोबर वाटत नाही. इथे आपण पाहुणे नाही. आपण कर भरतो, आपली मुलं इथे जन्मतात, त्यांच्या तोंडी कातालान आपल्यापेक्षा सफाईने येतं. मग गावाच्या ज्या गोष्टी आहेत त्या आपल्याही आहेत, आणि त्या सांभाळायची पाळी आपल्यावरही येते.

"आम्ही इथे किती वर्षं राहू माहीत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. व्हिसा, कंपनी, आईवडिलांची तब्येत, सगळं माहीत आहे मला. पण मुलाचं आठवं वर्ष काही व्हिसाची वाट बघत थांबत नाही. दोन वर्षं राहणार असाल तर दोन वर्षं खेळू दे.

अभ्यासाचं म्हणाल, तर सराव आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी असतो आणि शनिवार-रविवारी एक सामना. मोठ्या वयोगटांत वाढतो. त्या दिवशी गृहपाठ दुपारीच उरकायचा हे मुलं आपोआप शिकतात, नाहीतर रात्री जागावं लागतं. माझ्या घरी दोन्ही झालेलं आहे.

खाण्याची अडचण खरी आहे. सामन्यानंतर सगळे मिळून खातात आणि पावात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. आधी सांगून ठेवा. टोमॅटो चोळलेला पाव आणि चीज कुठेही मिळतं, अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट मिळतं. कुणी तोंड वाकडं करत नाही. मी एकदा डबाभर साबुदाणा वडे नेले होते, ते मुलांपेक्षा प्रशिक्षकांनीच संपवले, आणि तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेच्या आधी विचारणा होते.

क्रिकेटबद्दल मी वाईट बोलणार नाही. रविवारी आपली मंडळी जमतात, मुलं बापांबरोबर खेळतात, चार मराठी शब्द कानावर पडतात, ते हवंच. पण तिथे आपण आपल्यातच असतो. सोमवारी शाळेत त्या मुलाला क्रिकेटबद्दल बोलायला कुणी मिळत नाही. हँडबॉलच्या संघातली मुलं त्याच्याच वर्गातली, त्याच्याच रस्त्यावरची असतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला येतात त्या सगळ्या संघातल्या. तिला ताप आला की दार वाजतं, आणि मलाही गावात ओळखतात ते तिची आई म्हणून. इथे आल्यानंतरची पहिली वर्षं मी कुणाशी बोलले, असं आठवायला गेले तर दुकानदार आणि डॉक्टर एवढेच आठवतात. ज्या बहिणी आत्ता त्या अवस्थेत आहेत, घरात एकट्या, नवऱ्याची कचेरी आणि मुलांची शाळा यांच्यामध्ये दिवस काढणाऱ्या, त्यांना मी कळकळीने सांगते की प्रेक्षकांत येऊन बसा. भाषा येत नसली तरी चालेल. गोल झाला की शेजारची बाई तुमचा हात धरते. तिथून सुरुवात होते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. क्लबाच्या कचेरीत जाऊन चौकशी करा, ईमेलवर विसंबू नका. फॉर्म कातालानमध्ये असतो, भरायला अडलात तर मी किंवा क्लबातलं कुणीही मदत करेल. मुलाचं ओळखपत्र, आरोग्य कार्ड आणि वैद्यकीय तपासणी या गोष्टी लागतात, तेव्हा तपासणीची वेळ आधीच घेऊन ठेवा. फी एकदम भरणं जड जात असेल तर हप्त्यांबद्दल आणि सवलतीबद्दल स्पष्ट विचारा, संकोच करू नका; विचारणारे तुम्ही पहिले नसाल. नव्या मुलाला नाव घालण्याआधी सरावाला येऊन बघायचं असेल तर तेही विचारा. आणि बूट घेताना इनडोअरचे, खाली रबरी तळ असलेले घ्या, बाहेर घालायचे बूट घालून कोर्टावर जाऊ देत नाहीत.

पालकांनो, या हंगामात ग्रानोयेर्सचा एक तरी घरचा सामना बघायला या. बार्साविरुद्धचा सामना असेल तर उत्तमच, पण त्या दिवशी तिकीट लवकर काढावं लागतं. पुरुषांचा संघ खेळत असेल तर या आणि महिलांचा खेळत असेल तर मुलींना नक्की घेऊन या. बार्सिलोनाहून आर-२ ने अर्ध्या तासात पोचाल. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशी कळवा, मी स्टेशनवर घ्यायला येईन. बरोबर अजून दोन-तीन घरं असतील तर क्लबाकडून तुम्हाला एकत्र जागा मिळते का ते मी विचारून ठेवेन. सामना झाल्यावर आपण कचेरीत जाऊ, तिथल्या लोकांशी ओळख करून देईन आणि पुढच्या हंगामाचे फॉर्म तिथेच घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हँडबॉल खेळणाऱ्या एका मुलीची आई,
ग्रानोयेर्स